भाऊसाहेबांचा राजीनामा

“अगं बाई, हिचा कंबरपट्टा सुटला की!” असं म्हणत गायधनीकाकू वाकल्या आणि त्यांनी भाऊसाहेबांना उचललं.

चूक काकूंची नव्हती. रेवाचं बोरन्हाण चाललं होतं. हॉलच्या मधोमध पाटावर माझी दहा महिन्यांची मुलगी काळं झबलं घालून बसली होती. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, कमरेला काळ्या कापडावर पांढरा हलवा शिवलेला पट्टा. भोवती बिल्डिंगमधली अकरा पोरं, आणि पोरांनी तिच्या डोक्यावरून ओतलेले कुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या, गोळ्या. असल्या पसाऱ्यात काळं-पांढरं, ठिपक्याठिपक्यांचं, दीड हात लांब काही पडलेलं दिसलं, तर संक्रांतीच्या दिवसांत कुणालाही तो दागिनाच वाटेल. त्यात भाऊसाहेबांच्या अंगाला कुरमुरे चिकटले होते.

फक्त हलव्याचा दागिना ओला नसतो. आणि तो तोंड उघडून आपल्याकडे बघत नाही.

भाऊसाहेब हा आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला ईल. सापासारखा दिसतो, पण मासा आहे. गायधनीकाकूंनी जन्मात अंड्यालासुद्धा हात लावलेला नाही. त्या “किती गार आहे गं हा” इतकं म्हणाल्या, मग त्यांनी हातात काय आहे ते नीट पाहिलं, किंचाळल्या आणि हात झटकला. भाऊसाहेब हवेतून गेले ते थेट रेवाच्या मांडीत.

आणि मी? घरातल्या प्रत्येक प्लगला झाकण, टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज, खिडकीला जाळी आणि जाळीला आणखी एक जाळी लावणारी मी हळदीकुंकवाचा करंडा हातात धरून नुसती उभी राहिले. रेवाने मात्र वेळ घालवला नाही. तिने दोन्ही हातांनी त्याला धरलं आणि त्या वयात ती प्रत्येक गोष्टीचं जे करायची तेच केलं. त्याला तोंडाकडे नेलं. तिचं तोंड उघडं, त्याचंही उघडं. कोण कुणाला आधी चावतंय एवढाच प्रश्न उरला होता.

“हालू नको गो, चेडवा,” मागून आवाज आला.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन येत होत्या. ताट त्यांनी जवळच्या एका बाईच्या हातात कोंबलं. खाली वाकून कुरमुऱ्यांची मूठ उचलली, पदरात घेतली आणि त्या पदरानेच ईलचं मानगूट पकडलं. बुळबुळीत मासा कोरडं काही असल्याशिवाय हातात राहत नाही. देवगडला राख वापरतात, नाशिकला तिसऱ्या मजल्यावर कुरमुरे.

“सोड बाय, सोड. ही खाऊची नाय,” त्या रेवाला म्हणाल्या. मग आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं असावं. “म्हणजे खाऊची, पण अशी नाय.”

दोन मिनिटांत भाऊसाहेब टाकीत गेले. रेवाने खेळणं काढून घेतलं म्हणून भोकाड पसरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, “आजी, परत टाका ना!”

याला दहा वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही बोरन्हाणाचं आमंत्रण आलं की गायधनीकाकू आधी विचारतात, “त्यांच्याकडे मासे आहेत का?”

माणसं चाळिशीत बुलेट घेतात. माझ्या नवऱ्याने बत्तिशीत समुद्र घेतला. उन्मेष मूळचा देवगडचा. वडिलांच्या नोकरीमुळे दहाव्या वर्षी नाशिकला आला तेव्हापासून, त्याचं म्हणणं, त्याला नीट झोप लागलेली नाही. (माझं म्हणणं वेगळं आहे. मी त्याच्या शेजारी झोपते.) हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आली. मग पोत्याने खास मीठ आलं, ते शुद्ध पाण्यात कालवून घरच्या घरी समुद्र तयार झाला. मग खडक, पंप, दिवे, दोन नारिंगी मासे. आणि एका शनिवारी मुंबईहून एक फुगलेली पिशवी आली.

“स्नोफ्लेक मोरे ईल,” बारशाला नाव जाहीर करावं तसं उन्मेष म्हणाला.

आईंनी पिशवी उजेडात धरली. “वाम मा ही?”

“वाम नाही गं आई. एक्झॉटिक आहे. इंडोनेशियाचा.”

“मग? थंयचे लोक काय वरणभात खातत? वामच ती. तिखला बरा होतला.”

हा प्राणी खडकाच्या भोकातून फक्त डोकं बाहेर काढून दिवसभर तोंडाची उघडझाप करत बसायचा. काम काही नाही, पण चाललंय बोलणं. म्हणून आम्ही त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं.

“तो बोलत नाहीये, श्वास घेतोय,” उन्मेष सांगायचा.

“श्वास मीही घेते. दात दाखवत नाही.”

त्याच आठवड्यात मी वाचलं, की या जातीच्या घशात आणखी एक जबडा असतो. पुढच्याने पकडायचं, मागच्याने आत ओढायचं. हेही वाचलं, की हे ईल टाकीतून निसटण्यात पटाईत असतात. बोटभर फट पुरते. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. माझी बाळंतपणाची वाढवलेली रजा संपून दोन फेब्रुवारीला मी परत रुजू होणार होते, आणि रेवाला आई सांभाळणार होत्या. रेवा नुकतीच धरून उभी राहायला लागली होती. धरायला तिला घरभर फर्निचर होतं, पण ती धरायची टाकीचं स्टँड. म्हणजे रोज नऊ तास, बंद फ्लॅटमध्ये, एक दहा महिन्यांचं मूल, एक सहासष्ट वर्षांची बाई आणि दोन जबड्यांचा एक प्राणी. मला दुसरं काही सुचेना. दोन फेब्रुवारीच्या आत हा प्राणी घराबाहेर गेलाच पाहिजे होता.

“त्याचे दात बोथट असतात,” उन्मेष म्हणायचा. “तो खेकडे फोडून खातो.”

“म्हणजे हाडं फोडता येतात.”

“रेवा खेकडा आहे का?”

“चालते तशीच.”

हे संभाषण आमच्यात एकेचाळीस वेळा झालं. मी मोजलं. एकेचाळिसाव्या वेळी उन्मेष वैतागून म्हणाला, “बरं. एक भानगड. त्याने एक जरी भानगड केली ना, तर मी स्वतः त्याला पुण्याला फणसळकरकडे सोडून येईन. त्याची टाकी आपल्या दुप्पट आहे. झालं समाधान?”

झालं. त्या दिवसापासून मी भानगडीची वाट बघायला लागले.

आई मात्र त्याच्या बाजूला गेल्या होत्या. रोज सकाळी अकराला त्या झाकणावरचे दोन दगड बाजूला करायच्या. दगड म्हणजे ओट्याच्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे. ईलने झाकण ढकलू नये म्हणून ठेवलेले. मग लांब चिमट्याने त्याला एक कोलंबी द्यायच्या आणि गप्पा मारायच्या. “खा मेल्या. माझ्या नातीपेक्षा बरा खातंस.” मग झाकण बंद, दगड जागेवर. संध्याकाळी माझ्यासमोर जोरात म्हणायच्या, “जाडी झाली की कापूया.” त्यात त्यांना फार मजा यायची.

बोरन्हाणाच्या संध्याकाळी सातपर्यंत बायका वाण घेऊन आणि हकीकत घेऊन घरी गेल्या. उन्मेष टाकीसमोर उकिडवा बसला. नुसताच बघत होता. भाऊसाहेबांच्या एका गालावर खरचटलं होतं, बाकी ते ठीक होते. मग त्याने स्टँडमागे हात घातला.

“एक दगड इथे आहे,” तो म्हणाला. “पडलेला नाही. ठेवलेला आहे.”

आई सोफ्याखालचे कुरमुरे गोळा करत होत्या.

“आई, सकाळी खायला घातलंस, तेव्हा दोन्ही दगड परत ठेवलेस ना?”

“ठेवलंय की.”

“नक्की?”

“ठेवलंय…” त्या थांबल्या. “म्हणजे, वाटता माका.”

“वाटतं म्हणजे?”

आईंनी मूठ उघडली, त्यातले कुरमुरे बघितले. त्या मंगळवारी त्यांच्या हातून दूध उतू गेलं होतं. त्याआधी त्यांचा मोबाइल फ्रीजमध्ये भाजीच्या खणात सापडला होता, गवारीच्या शेंगांशेजारी. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. त्याही हसल्या होत्या.

“माझ्याच हातसून ऱ्हवलो असतलो,” त्या म्हणाल्या. “इसारलंय असतलंय.”

उन्मेषने दगड उचलून झाकणावर परत ठेवला.

दगड मी काढला होता.

मला भाऊसाहेबांचा जीव घ्यायचा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला फक्त त्यांचा राजीनामा हवा होता. बेत साधा होता. दुपारी दोन ते चार आई आणि रेवा आतल्या खोलीत झोपतात. तेवढा वेळ डावीकडचा दगड काढून स्टँडमागे ठेवायचा आणि बाजूला बसून राहायचं. शेजारी टाकीतल्याच पाण्याची अर्धी बादली, ओला टॉवेल, फोन. भाऊसाहेब फटीतून बाहेर येतील, फरशीवर पडतील, मी टॉवेलने उचलून बादलीत टाकेन, एक फोटो काढेन आणि उन्मेषला पाठवेन. भानगड सिद्ध. सगळे जिवंत.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी बादलीशेजारी बसले. भाऊसाहेब भोकातून माझ्याकडे बघत बसले. चार दिवस आम्ही दोघं समोरासमोर उघडझाप करत होतो. त्यांनी साधी मानही वर केली नाही. शनिवारी, बोरन्हाणाच्या दिवशी, मी शेवटचा प्रयत्न म्हणून दोन वाजता दगड काढला. साडेतीनला रेवाच्या हाराचा दोरा तुटला. दोनशे हलव्याचे दाणे घरभर उडाले. ते वेचून, ओवून, झबल्याला इस्त्री करून, करवे चिरून होईतो पोरं दारात आली होती.

दगड परत ठेवायचं मी साफ विसरले.

म्हणजे घरातली विसराळू बाई कोण हे त्या संध्याकाळी दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक टाकीत होता. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण तेवढ्यात उन्मेष म्हणाला, “ठीक आहे. बोललो होतो मी. पुढच्या रविवारी याला फणसळकरकडे सोडतो.” आणि मला वाटलं, उद्या सांगू. आज जिंकलोय तर निदान आज जेवून घेऊ.

सोमवारी सकाळी उन्मेषने मला गॅलरीत बोलावलं.

“आईला डॉक्टरांना दाखवावं म्हणतो. डोक्याच्या.”

“एका दगडावरून?”

“दगड, दूध, फोन. आणि हे बघ, तू रजा वाढवून मिळते का बघ. नाहीतर पाळणाघर बघू. रेवाला नऊ तास तिच्याजवळ एकटं ठेवायचं म्हणजे…” गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक खिडकी आहे, आणि आतला भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

त्या दिवसापासून आईंनी रेवाला उचलणं सोडलं.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग बुधवारी मी डोक्याला शाम्पू लावलेला असताना हाक आली, “शर्वरी, ये गो. हिका घे.” मी तशीच टॉवेल गुंडाळून बाहेर आले. रेवा आईंच्या लुगड्याला धरून उभी होती आणि दोन्ही हात वर करून ‘घे, घे’ करत होती. आई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात मागे बांधून.

“घ्या की तिला,” मी म्हणाले.

“नको. माझ्या हातात नको. पडात-बिडात.”

स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला रांगोळीच्या खडूने चार शब्द उमटले: गॅस. नळ. कडी. फोन. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवले म्हणून रात्री सात बदाम भिजायला लागले. आईंना दाढाच नाहीत. त्या सकाळी एकेक बदाम पुढच्या दातांनी उंदरासारखा कुरतडत बसायच्या. गुरुवारी त्या भाजी निवडताना ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होत्या. मला वाटलं जप असेल. जवळ गेले तर, “देवगड, कुणकेश्वर, तांबळडेग, मिठबाव, मुणगे, आचरा…” माहेरी जायच्या वाटेवरची गावं. आचऱ्यापाशी त्या अडल्या. पुन्हा देवगडपासून सुरुवात केली, पुन्हा आचऱ्यापाशी अडल्या.

“आचऱ्याच्या फुडे काय गो?” त्यांनी मला विचारलं.

मी पुण्यात वाढले. मला काय माहीत? मी फोनवर नकाशा काढला. “तोंडवळी,” मी म्हणाले.

“तोंडवळी,” त्या म्हणाल्या. “माझी मावशी थंय दिलेली.” आणि निवडलेली मेथी काड्यांमध्ये टाकली.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर सांगून बघितलं. तिथे छान जमलं. बाहेर येऊन मी म्हणाले, “आई, चहा टाकू?”

रविवारी सकाळी नऊला भाऊसाहेबांची पाठवणी सुरू झाली. ती तासभर चालली. उन्मेषने निम्मे खडक बाहेर काढले तेव्हा कुठे साहेब जाळीत आले. तिथून जाड पिशवीत, पिशवीत हवा भरून, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात. उन्मेषचे डोळे लाल झाले होते. खाऱ्या पाण्याने, असं तो म्हणाला. रेवा माझ्या कमरेवर होती आणि खोक्याकडे झेपावत होती.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मग पुढे आल्या आणि खोक्यात वाकून बघितलं.

“जा बाबा,” त्या म्हणाल्या. “चूक माझी, आणि दंड तुका.”

“थांब,” मी म्हणाले.

उन्मेष खोक्याला चिकटपट्टी लावत होता. “काय?”

“दगड मी काढला होता.”

“कुठला दगड?”

“बोरन्हाणाच्या दिवशीचा. आईंनी ठेवला होता. मी काढला, स्टँडमागे ठेवला आणि परत ठेवायला विसरले.”

“पण काढलास कशाला?”

“तो बाहेर पडावा म्हणून.”

उन्मेषने माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग रेवाकडे. “तू… आपली पोरगी तिथे खाली बसलेली असताना…”

“तेव्हा नाही! मंगळवारी पडायला हवा होता. मंगळवार ते शुक्रवार मी बादली घेऊन बसत होते. तो पडलाच नाही.”

“म्हणजे चूक त्याची?”

“थोडी.”

“मला सांगायचंस ना, शर्वरी!”

“एकेचाळीस वेळा सांगितलं.”

“ते नाही! हे! आठ दिवस आई इथे…” तो थांबला, कारण आई आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांची उंची माझ्या खांद्याइतकी आहे. त्यांनी मान वर केली.

“परत सांग,” त्या मला म्हणाल्या.

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त वाईट वाटत होतं, कारण आता त्यात काही नवीन नव्हतं.

“त्या दिवशी सकाळी मी दगड ठेवलेलंय?”

“हो.”

“दोनय?”

“दोन्ही. उजवीकडचा जरा तिरका. रोज ठेवता तसा.”

“तिरकोच ठेवतंय मी,” आई म्हणाल्या. “पायपाक जागा होयी.” मग उन्मेषकडे वळल्या. “ऐकलंस? तिरको. माका ध्यानात होता. मी म्हटलंय तुका, ठेवलंय म्हणान. म्हटलंय का नाय?”

“म्हटलंस, आई.”

“मग तू ‘नक्की? नक्की?’ कित्याक करी होतंस पोलिसासारखो?”

आई खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जरा वेळ त्या हातांकडेच बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. मी एक पाऊल पुढे टाकलं.

“आठ दिवस!” त्या ओरडल्या. मी पाऊल मागे घेतलं. “आठ दिवस ते बदाम चावतंय! दात हत माका? आवशीचो घोव! माझी डोकी तपासूची म्हणान डागदराकडे नंबर लावलास. माझ्या हातात माझी नात नाय! आणि ही बाय आरामात बघता हा!”

“आरामात नाही, आई. मला…”

“गप. तुझ्याशी मी बोलूचंय नाय.”

मग त्या उठल्या आणि शेजारणीकडे ठेवायला दिलेली आपली वस्तू परत घ्यावी तशी त्यांनी माझ्या कमरेवरून रेवाला काढून घेतलं. रेवाने दोन्ही मुठींनी त्यांचे केस धरले. आठवड्याचं व्याज वसूल केल्यासारखे ओढले. आईंनी हू की चू केलं नाही.

“ये गो माझ्या वांगडा,” त्या तिला म्हणाल्या. “तुझी आवस पिशी हा.” पिशी म्हणजे वेडी.

उन्मेष खोक्याशेजारी फरशीवर बसून होता. “आता याचं काय करू?” त्याने विचारलं. मला की आईंना, कळलं नाही. खरं तर उत्तर मी द्यायचं होतं. मला अजूनही तो घरात नको होता. अजूनही त्याच्या घशात दुसरा जबडा होता. पण माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं, एकही.

“सोड तेका आत,” आई म्हणाल्या. “गुदमरतलो. आणि झाकणाक कडी बसव. कुलूप होया तर कुलूप लाव.” मग माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगावं तसं म्हणाल्या, “कोणाक भ्या वाटता तर वाटांदे. मी आसंय मा हयसर?”

संध्याकाळपर्यंत झाकणाला कडी बसली, कडीला कुलूप लागलं आणि किल्ली आईंच्या कमरेला गेली. डॉक्टरांचा नंबर उन्मेषने रद्द केला. वर्षभराने साध्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आईंना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आईंनी ते दोनपर्यंत केलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “आता तुम्ही करा.” फ्रीजमध्ये फोन त्यानंतरही एकदा सापडला. तो उन्मेषचा होता.

आई माझ्याशी खरंच बोलल्या नाहीत. आठवडाभर सगळा व्यवहार रेवामार्फत चालला. “रेवा, तुझ्या आवशीक सांग, आमटी लागता हा.” “रेवा, तुझ्या आवशीक विचार, डबो किती वाजता होयो.” रेवाला तेव्हा तीनच शब्द येत होते, त्यामुळे मी ऐकून घ्यायचे आणि उत्तरही रेवालाच द्यायचे.

दोन फेब्रुवारीला मी साडेआठला घर सोडलं. दारात रेवा आईंच्या कडेवर होती. मी सूचनांचा कागद पुढे केला. दोन बाजूंनी लिहिलेला, सदतीस मुद्दे. आईंनी तो घेतला, घडी घातली आणि रेवाच्या हातात दिला. रेवाने तो तोंडात घातला.

कंपनीत टेबल पुसून, कोट चढवून मी साडेनऊला पहिला फोन केला. “खेळता हा,” आई म्हणाल्या आणि ठेवला. त्या रविवारनंतर थेट माझ्याशी बोललेले हे त्यांचे पहिले धड शब्द. दहा वाजून वीस मिनिटांनी दुसरा केला. “न्हाणयलंय. निजता हा.” अकराला भाऊसाहेबांची जेवणाची वेळ. झाकण उघडणार, कुलूप निघणार, रेवा कदाचित जागी होणार. मी सव्वाअकरापर्यंत कळ काढली. मग नमुन्यांच्या बाटल्या तशाच ठेवून पॅसेजमध्ये गेले.

फोन उचलला गेला. मी काही विचारायच्या आत आई म्हणाल्या, “दोगांय जिती आसत. ठेव.”

साडेबाराला मी चौथ्यांदा फोन लावला. वाजत राहिला. पूर्ण वाजून बंद झाला. मी पुन्हा लावायला बोट पुढे नेलं. काचेपलीकडे माझ्या टेबलावर डबा होता, आईंनी भरून दिलेला, झाकणाला रबर लावलेला.

मी फोन कोटाच्या खिशात टाकला आणि जेवायला बसले.